मागणीबरहुकूम गिटार आणि कारागिराचा नकार

पैसे मोजायची तयारी आहे, दोन वर्षं थांबायचीही तयारी आहे, आणि तरी समोरून उत्तर येतं, "हे आमच्याकडे होत नाही." मागणीनुसार गिटार घडवून देणाऱ्या अमेरिकी कारखान्यांकडे किंवा एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडे चौकशी करणाऱ्या वादकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. बॉडीचं लाकूड या पाचांतलं निवडा, नेकचं या तिनांतलं, रंग या दहांतला. आठ तारा नाहीत, दोन नेक नाहीत, आणि दुसऱ्या कंपनीच्या आकाराचं डोकं तर अजिबात नाही. वादकाला राग येतो. दुकानात टांगलेली तयार गिटार सोडून आपण इथवर आलो ते हवं ते मिळावं म्हणूनच ना?

पर्यायांची आखूड यादी हे बहुतेक वेळा चांगल्या कारागिराचं लक्षण असतं, असं माझं ठाम मत आहे. जे त्याने पूर्वी करून पाहिलं आहे, ज्याच्या सुराची आणि टिकण्याची जबाबदारी तो घेऊ शकतो, तेवढंच त्या यादीत असतं. मात्र सगळ्याच मर्यादांना हे लागू नाही. काही कायद्याने घातलेल्या असतात, काही हिशेबाने, आणि एखादी निव्वळ सवयीने चालत आलेली असते. कोणता नकार कशातून आला हे ओळखता आलं तर मागणी करणाऱ्याचे पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

गिऱ्हाइकाच्या हट्टाने गिटारचं भलंच केलं आहे, हे आधी मान्य करायला हवं. मार्टिन कंपनी १८३३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी गेली. आजही ती तिथेच आहे. रुंद, भरदार बॉडीची 'ड्रेडनॉट' गिटार आज जगभर दिसते. तो आकार मार्टिनने १९१६ मध्ये बनवला तो बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या संगीतविक्रेत्या कंपनीसाठी. स्वतःच्या नावाने तो विकायला मार्टिनला १९३१ उजाडलं. त्याआधी १९२९ मध्ये पेरी बेक्टल या अटलांटाच्या बँजोवादकाने मार्टिनकडे लांब नेकची गिटार मागितली होती. त्या काळी नेक बाराव्या फ्रेटपाशी बॉडीत शिरायची. बँजोच्या लांब नेकवर हात बसलेल्या माणसाला वरचे सूर घेताना त्याची अडचण व्हायची. मार्टिनने बॉडीचे खांदे आखूड केले, ब्रिजची जागा बदलली आणि चौदाव्या फ्रेटपर्यंत नेक मोकळी केली. त्यातून 'ओएम' हे मॉडेल निघालं, आणि काही वर्षांत चौदा फ्रेटची मोकळी नेक हीच अमेरिकी अकूस्टिक गिटारची रीत झाली. १९३३ मध्ये जीन ऑट्री या गायक-नटाने शिंपल्याच्या जडावकामाची, फिंगरबोर्डवर स्वतःचं नाव कोरलेली गिटार करून घेतली. ती पहिली डी-४५. १९४२ पर्यंत तशा ९१ गिटारी बनल्या आणि त्यांतली एखादी आज विकायला निघाली तर काही लाख डॉलर मोजावे लागतात.

या तिन्ही वेळी मार्टिनने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मागणी मान्य केली, तिच्यासाठी आराखडा एकदाच नीट सोडवला, आणि मग तोच आराखडा पुढची कित्येक वर्षं वापरला. बेक्टलनंतर आलेल्या प्रत्येकाला "तुम्हाला किती फ्रेट मोकळे हवेत?" असं कोणी विचारत बसलं नाही.

शिंप्याला बाही दोन बोटं आखूड करायला सांगितली तर सदऱ्याचं बाकी काही बिघडत नाही. गिटारचं तसं नाही. एक माप हललं की त्याच्याबरोबर सात-आठ मापं हलतात. नेहमी येणारी एक मागणी घ्या: गिटार फेंडरच्या धाटणीची हवी, पण तारेची लांबी गिब्सनची. ऐकायला मामुली वाटतं. नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग मोकळा कंप पावतो, त्याची लांबी फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर २५.५ इंच म्हणजे ६४७.७ मिलिमीटर असते. गिब्सनची २४.७५ इंच सांगितली जाते, म्हणजे सुमारे ६२८.७ मिलिमीटर. फ्रेटच्या खाचा कुठे पडायच्या ते याच लांबीवरून ठरतं. सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे असल्याने प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं आणि येईल तेवढं पुढे सरकून पुढची खाच पाडायची. फेंडरच्या लांबीवर पहिली खाच नटपासून ३६.३५ मिलिमीटरवर येते, गिब्सनच्या लांबीवर ३५.२८ वर. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. पण तो वाढत वाढत बाराव्या फ्रेटला साडेनऊ मिलिमीटर होतो. एका लांबीचा फिंगरबोर्ड दुसऱ्या लांबीच्या गिटारवर बसवला तर तिथे सूर अर्ध्या स्वराच्याही निम्म्याने ढळतो. सतारीचे पडदे सरकवून सूर जुळवून घेता येतो. गिटारचे फ्रेट एकदा खाचेत ठोकले की ठोकले.

म्हणजे फिंगरबोर्डच्या खाचांचा नवा साचा आला. शिवाय नेक १९ मिलिमीटरने आखूड करा, नाहीतर ब्रिज तेवढा पुढे आणा. ब्रिज पुढे आला की त्याखालचं खोदकाम, पिकअपच्या जागा, वरचं प्लॅस्टिकचं कवच, सगळं नव्याने मोजावं लागतं. तीच तार त्याच सुरात लावायची तर कमी लांबीवर तिला ताण सुमारे ६ टक्के कमी लागतो, कारण ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. बोटांना तारा मऊ लागतात. कोणाला ते आवडतं, कोणाला तारा लुळ्या वाटतात.

अकूस्टिक गिटारमध्ये हेच काम आणखी नाजूक होतं. तिचा ब्रिज ज्या फळीवर चिकटवलेला असतो ती जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते, आणि पोलादाच्या सहा तारा मिळून तिला सत्तर किलोंच्या आसपास ताण देतात. तो पेलायला फळीच्या आतून एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पट्ट्या जाड ठेवल्या तर फळी वाकत नाही, पण कंपही पावत नाही. पातळ केल्या तर आवाज खुलतो आणि काही वर्षांत ब्रिजमागे पोट सुटतं. या दोन टोकांच्या मधली जागा कारागिराला त्या विशिष्ट आकारात, त्या विशिष्ट लांबीवर, कित्येक गिटारी करून सापडलेली असते. ब्रिज दोन सेंटिमीटर हलवायला सांगणं म्हणजे ती जागा पुन्हा शोधायला सांगणं, आणि तीही एकाच गिटारवर, पहिल्याच प्रयत्नात.

नेकच्या कोनाचंही असंच. गिब्सनच्या लेस पॉलची नेक बॉडीला सरळ न जोडता काही अंश मागे झुकवून सरसाने पक्की केलेली असते, कारण तिचा ब्रिज बॉडीपासून बराच उंच असतो. फेंडरची नेक स्क्रूंनी सपाट बसवलेली असते, कारण तिचा ब्रिज बुटका. आता कोणी म्हणालं की लेस पॉलच्या धर्तीची गिटार करा, पण त्यावर ब्रिज मात्र फेंडरचा बसवा, तर नेकचा कोन बदलल्याशिवाय ते जमत नाही. कोनात एका अंशाची चूक झाली तर ब्रिजपाशी तारेची उंची चार मिलिमीटरहून जास्त बदलते. चांगल्या जुळवलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी तार फ्रेटपासून दीड-दोन मिलिमीटर उंच असते, हे लक्षात घेतलं की चार मिलिमीटर म्हणजे काय ते कळतं. आणि ही चूक कळते कधी? सरस सुकल्यावर, रंग झाल्यावर, तारा चढवल्यावर.

पर्याय एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी दिसतात. पण समजा, गिऱ्हाइकाला आठ गोष्टी निवडायला दिल्या आणि प्रत्येकीसाठी चारच पर्याय ठेवले, तरी वेगवेगळ्या गिटारी होतात ६५,५३६. वर्षाला दहा-पंधरा गिटारी करणाऱ्या माणसाने यांतल्या किती स्वतः घडवून, वाजवून पाहिलेल्या असतील? कागदावर कोणतीही जोडी जमते. उदाहरणार्थ, हलकी बॉडी आणि जड खुंट्या लावलेली लांब नेक. असलं काही जमवलं की गिटार गळ्यात अडकवल्यावर नेक जमिनीकडे झुकते आणि डावा हात वाजवायच्या ऐवजी तिला सावरत बसतो. यादी आखूड ठेवणारा कारागीर अशा जोड्या आधीच गाळून टाकतो.

आवाजाबद्दलच्या मागण्या तर याहून अवघड. "आवाज ऊबदार हवा, पण खणखणीत" अशा शब्दांत वादक बोलतो. कारागिराला ते ऐकून लाकूड रंधायचं असतं. त्यात वादकांचा भर बहुधा पाठीच्या आणि बाजूच्या लाकडावर असतो, कारण ते देखणं असतं आणि महागही. अल्मेरियाच्या अंतोनिओ दे तोरेस यांनी, ज्यांच्या आराखड्यावर आजची क्लासिकल गिटार उभी आहे, १८६२ मध्ये एक गिटार केली: वरची फळी उत्तम लाकडाची, पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. सूर मुख्यतः वरच्या फळीतून आणि तिच्या पट्ट्यांतून येतो हे त्यांना दाखवायचं होतं. पाठीच्या लाकडाला काहीच काम नसतं असं त्यातून निघत नाही, पण मागणीपत्रकात ज्या रकान्यासाठी सर्वांत जास्त पैसे पडतात तोच आवाजासाठी सर्वांत मोठा असतो असं मुळीच नाही. प्रामाणिक कारागीर इथे गिऱ्हाइकाला थांबवतो, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

लाकडाच्या बाबतीत कायद्याने घातलेली कुंपणं आहेत आणि त्यांतलं एक थेट आपल्या सह्याद्रीशी जोडलेलं आहे. गिटारसाठी सर्वांत वाखाणलं गेलेलं ब्राझिलियन रोजवुड जंगलतोडीने इतकं घटलं की १९९२ मध्ये त्याला सायटेस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं, म्हणजे व्यापार जवळजवळ बंद. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात त्याआधीच थांबवली होती, आणि मार्टिनने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या मॉडेलांसाठी भारतीय रोजवुड घ्यायला सुरुवात केली. हे भारतीय रोजवुड म्हणजे आपलं शिसव. वाड्यातले शिसवी झोपाळे आणि पलंग ज्याचे, त्याच लाकडाच्या पाठी गेली पन्नासहून अधिक वर्षं नाझरेथच्या गिटारींना लागत आहेत. २ जानेवारी २०१७ पासून शिसवासह त्याचं सगळं कूळ सायटेसच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं आणि गिटार सीमेपलीकडे पाठवायला परवाने लागू लागले. कारागीर, विक्रेते, वादक सगळे हैराण झाले. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवुडला मात्र ती नाही.

कायद्याची भीती किती खरी आहे ते गिब्सनच्या प्रकरणात दिसलं. अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांनी २००९ आणि २०११ मध्ये टेनेसीतल्या गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. पहिल्या वेळी प्रश्न मादागास्करच्या एबनीचा होता, दुसऱ्या वेळी भारतातून आलेल्या एबनीचा आणि रोजवुडचा. २०१२ मध्ये कंपनीने ३ लाख डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर गॅरेजमध्ये काम करणारा एकटा कारागीर गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिलेल्या, मूळ माहीत नसलेल्या फळीला हात का लावेल? "माझ्याकडे आजोबांच्या काळातलं लाकूड आहे, त्याची करून द्या" ही मागणी भावनेने कितीही खरी असली तरी बहुतेक कारागीर ती नाकारतात. कागदपत्रं नसतात हे एक कारण. दुसरं असं की ती फळी किती सुकली आहे, आतून चिरली आहे का, याची त्यांना खात्री नसते.

सुकण्याचा मुद्दा मुंबई-पुण्याच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. चांगल्या कार्यशाळेत हवेतली आर्द्रता वर्षभर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखलेली असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, म्हणून ज्या हवेत जोडकाम होतं ती हवा गिटारच्या अंगात मुरलेली असते. जुलैतल्या मुंबईत आर्द्रता ८० टक्क्यांच्या पलीकडे जाते. तिथे ही गिटार उघडी टांगली की वरची फळी फुगून उचलली जाते, ब्रिज वर येतो, तारा फ्रेटपासून दूर जातात आणि बोटं दुखू लागतात. यात बनवणाऱ्याचा दोष नाही, पण तक्रार त्याच्याकडेच जाते. अतिपातळ फळी, एकाच अखंड तुकड्याची पाठ, लाटांसारख्या रेषांचं नखरेल मेपल अशा मागण्यांना कारागीर कचरतो, कारण लाकूड जितकं नाजूक तितका त्याचा हवेशी झगडा मोठा. लाटांच्या रेषा म्हणजे आतले तंतू वाकडेतिकडे गेलेले. दोन मिलिमीटर जाडीची तशी पट्टी तापवून कमरेच्या वळणावर वाकवताना ती तडकन मोडते, आणि पाठीच्या जोडीशी जुळणारी दुसरी पट्टी मिळत नाही.

रंगाच्या बाबतीत फेंडर कंपनीने पन्नासच्या दशकात जो मार्ग काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. नेहमीच्या छटेऐवजी वेगळा रंग हवा असेल तर ५ टक्के जादा आकारून तो मिळायचा. पण रंग कोणता? ड्यूपाँट कंपनी मोटारींसाठी जे रंग विकायची त्यांतलाच एक. 'लेक प्लॅसिड ब्लू' कॅडिलॅकवरून आला, 'फिएस्टा रेड' फोर्डच्या थंडरबर्डवरून. गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाच्या चिंधीशी जुळणारा रंग घोटत बसायची गरज उरली नाही. डबा तयार मिळायचा, दर वेळी तीच छटा यायची, आणि पुढे कुठे खरचटलं तर गावातल्या मोटारी रंगवणाऱ्याकडेही तोच रंग असायचा. निवड खरी होती, आणि ती निभावता येणारी होती.

रंगापेक्षा वरच्या थराचा प्रश्न वेळेचा आहे. जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ पातळ हातांनी चढवावं लागतं आणि मग आठवड्यांमागून आठवडे ते आकसत राहतं. घाईने पॉलिश केलं तर महिन्याभराने खालच्या लाकडाच्या रेषा वर उमटतात. अतिनील प्रकाशाखाली पक्कं होणारं पॉलिएस्टर काही मिनिटांतच हाताळता येतं. ज्या कारखान्याने दुसऱ्या पद्धतीसाठी प्रकाशाची यंत्रं बसवली आहेत, त्याच्याकडे एका गिटारपुरतं लॅकर मागणं म्हणजे वेगळी खोली, वेगळी हवा खेचणारी व्यवस्था आणि आगीची वेगळी काळजी मागणं.

इथून आपण हिशेबावर येतो. वादकाला वाटतं की यादीबाहेरचं काम म्हणजे थोडी जादा मेहनत, तिचे थोडे जादा पैसे. पण कार्यशाळेतला बराचसा वेळ लाकूड कापण्यात जात नाही. कापण्याआधीच्या तयारीत जातो. नवा आकार म्हटलं की बाजूच्या पट्ट्या वाकवायचा साचा, त्या घट्ट धरून ठेवायची चौकट, पाठीच्या गोलाईला बसतील असे क्लॅम्प, संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा नवा प्रोग्राम, आणि तो बरोबर आहे ना हे पाहायला साध्या लाकडावर एक कापणी. शेवटी गिटारची पेटी! त्या आकाराची कठीण पेटी बाजारात मिळत नाही, तीही वेगळी करून घ्यावी लागते. हा सगळा खटाटोप शंभर गिटारींवर वाटला तर प्रत्येकीवर किरकोळ बोजा येतो, एकीवर टाकला तर तिची किंमत दुप्पट होते. मग कारागीर दुप्पट किंमत सांगण्यापेक्षा नकार देतो, कारण दुप्पट किंमत ऐकून गिऱ्हाईक त्याला लुटारू समजतं.

एकट्या कारागिराच्या बाबतीत तर पैशापेक्षा रांग महत्त्वाची. व्हर्जिनियातल्या रग्बी या खेड्यात वेन हेंडरसन नावाचे कारागीर आहेत. बरीच वर्षं त्यांनी टपाल वाटण्याची नोकरी केली आणि उरल्या वेळात गिटारी केल्या. प्रख्यात गिटारवादक एरिक क्लॅप्टनला त्यांच्याकडून गिटार मिळायला दहा वर्षं लागली. हेंडरसन यांच्या बहुतेक गिटारी जुन्या मार्टिनच्या धर्तीवर असतात. एवढं नाव असलेला माणूस आकारांचा हव्यास धरत नाही. त्याच आकारात तो लाकडाचा तुकडा बोटांनी वाकवून, टकटक वाजवून पाहत पाव पाव मिलिमीटर उतरवत जातो. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांचा विचार केला तर एकासाठी तीन महिने नवे साचे करत बसणं हा बाकीच्यांवर अन्यायच आहे.

त्यातच एक भीती असते, जिच्याबद्दल कारागीर उघड बोलत नाहीत. यादीबाहेरची गिटार तयार झाली आणि गिऱ्हाइकाने घेतलीच नाही तर? साधी गिटार दुसऱ्या कोणालाही विकता येते. जांभळी, नऊ तारांची, बाराव्या फ्रेटवर कोणाच्या तरी बायकोचं नाव जडवलेली गिटार कोण घेणार? म्हणूनच अशा कामासाठी मोठी आगाऊ रक्कम घेतात आणि माल परत घेत नाहीत.

आकारांबाबतचे काही नकार वकिलांमुळे येतात. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबनेझ गिटारींच्या अमेरिकेतल्या वितरकावर डोक्याच्या आकाराची नक्कल केल्याबद्दल दावा लावला. पुढे पॉल रीड स्मिथ यांच्या कंपनीने २००० मध्ये 'सिंगलकट' मॉडेल आणल्यावर गिब्सनने तिला कोर्टात खेचलं. २००४ मध्ये ते मॉडेल बनवायला मनाई झाली आणि २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती उठवली. शेवटी जिंकूनही स्मिथ यांचं ते मॉडेल मधल्या काळात बंदच होतं. लहान कारागिराला जिंकेपर्यंतचा खर्चही झेपणारा नाही. तिरप्या, पंख्यासारख्या पसरलेल्या फ्रेटांवर राल्फ नोवॅक यांचं १९८९ चं अमेरिकी पेटंट होतं. तेव्हा ज्यांनी तसे फ्रेट नाकारले त्यांच्या कौशल्यात काही कमी होती असं नाही.

आता ज्या नकाराचं समर्थन मला करवत नाही, त्याबद्दल. डावखुऱ्या वादकांना अजूनही मोजकीच मॉडेलं मिळतात, कित्येकदा जादा पैसे देऊन. अडचण अगदीच खोटी आहे असं नाही: अकूस्टिक गिटारच्या आतल्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, ब्रिजवरचं तिरपं हाड उलटं बसवावं लागतं, नट उलटा, बटणं उलटी. पण यांत नवं असं काहीच शोधायचं नसतं. तोच आराखडा आरशात पाहून करायचा असतो, आणि संगणकावर चालणाऱ्या यंत्राला तो उलटवणं जड नाही. खरं कारण दुकानदाराचं आहे: दहा माणसांतलं साधारण एक डावखुरं, म्हणून तो माल पडून राहील ही धास्ती. जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा बदलून वाजवली आणि इतिहास घडवला, हे खरं. पण ती त्याची हिकमत होती. ती बाकीच्यांवर लादणं बरोबर नाही.

मोठ्या कंपन्यांनी या सगळ्या पेचावर पायऱ्या पाडून उत्तर शोधलं आहे. फेंडरने १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात कस्टम शॉप काढलं तेव्हा तिथे दोनच कारागीर होते, जॉन पेज आणि मायकेल स्टीव्हन्स. आज तिथे गटाने बनवलेल्या गिटारी वेगळ्या आणि एकाच मुख्य कारागिराने हाती घेतलेल्या वेगळ्या. पहिल्या प्रकारात यादी ठरलेली, दुसऱ्यात मोकळीक जास्त, आणि थांबणं व पैसेही जास्त. पॉल रीड स्मिथ यांनी १९९६ पासून 'प्रायव्हेट स्टॉक' हा विभाग ठेवला आहे, त्याचंही तत्त्व तेच. ज्याला खरोखर चाकोरीबाहेरचं हवं, त्याने पायरी चढायची.

शिवाय अगदी चाकोरीबाहेरच्या गिटारी झाल्याच नाहीत असं नाही. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' हा चमू उभा केला, तेव्हा त्यांना मींड घेता येईल अशी, फ्रेटांमधली फळी खोलगट कोरलेली गिटार हवी होती, आणि नेहमीच्या सहा तारांखालून तिरप्या जाणाऱ्या सात तरफाही. गिब्सनसाठी काम करणाऱ्या एब्राहम वेक्टर यांनी ती घडवली. एक जगन्मान्य वादक, त्याला नेमकं काय हवं याची त्याला असलेली समज, आणि ते ऐकून घेणारा कारागीर, असा तो योग होता.

टोरंटोच्या कारागीर लिंडा मँझर यांच्याकडे गिटारवादक पॅट मेथिनी यांनी जमतील तितक्या तारांची गिटार मागितली, तेव्हाही अशीच स्थिती होती. मँझर त्याआधीपासून मेथिनींच्या गिटारी करत होत्या. त्यांचा हात, त्यांची बसण्याची ढब मँझर यांना ठाऊक होती. 'पिकासो' या नावाची ती गिटार १९८४ मध्ये पुरी झाली. तिला ४२ तारा, चार नेक, दोन ध्वनिछिद्रं. दोन वर्षांत मिळून जवळजवळ हजार तासांचं काम झालं. सगळ्या तारा ताणल्यावर तिच्यावर सुमारे हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपास ताण येतो. एवढी रुंद गिटार मांडीवर घेऊन सगळ्या तारा दिसाव्यात आणि उजवा हात अवघडू नये म्हणून मँझर यांनी बॉडीला पाचरीचा आकार दिला: वादकाच्या छातीकडची कड बारीक, मांडीकडची जाड. ही पाचर पुढे त्यांनी आपल्या सहा तारांच्या साध्या गिटारींनाही द्यायला सुरुवात केली, आणि आता इतर कित्येक कारागिरांच्या पर्यायांच्या यादीतही ती असते.